पुलाखालची तार

फ्रान्समधल्या ल्वार नदीवरच्या व्हालीन्योच्या पुलावरून माणसांचा लोंढा दक्षिणेकडे चालला होता आणि सोलांज बेकरीच्या दारात उभी राहून त्यातल्या प्रत्येक शिपायाच्या कॉलरकडे बघत होती. कॉलरवर पलटणीचा आकडा शिवलेला असतो. तिच्या मुलाच्या, फिर्मांच्या पलटणीचा आकडा तिला पाठ होता, पण चाळीस सालचा मे महिना उलटून जून अर्धा सरला तरी तो आकडा काही पुलावरून येईना.

गाड्या, हातगाड्या, गाद्या लादलेले घोडे, बाळांच्या ढकलगाडीत बसवलेल्या म्हाताऱ्या, आणि मधूनच दोन-चार शिपाई. कुणाकडे बंदूक, कुणाकडे नाही. सोलांज पाव देत होती आणि विचारत होती, "कुठून आलात?" उत्तर ऐकायची मात्र तिला भीती वाटायची.

एकदा ते उत्तर आलंच. सरहद्दीवरच्या आर्देनकडचा एक घोडेवाला पाण्यासाठी थांबला होता. त्याला कुणीतरी विचारलं, म्यूझ नदीवर आपली पोरं होती, त्यांचं काय झालं?

"पोरं?" तो हसला. "सशासारखी पळाली. जर्मन दिसायच्या आधीच. आमच्या गावातून गेली ना, बंदुका गटारात टाकून. माझी बायको त्यांना म्हणाली, निदान बूट तरी ठेवून जा, आमच्या बाप्यांना होतील."

दुकानात आन्सेल्म, सोलांजचा नवरा, पाव रचत होता. हातातला पाव त्याने सावकाश फळीवर ठेवला आणि तो आत भट्टीकडे निघून गेला. आन्सेल्म मागच्या महायुद्धात व्हर्दांला लढलेला माणूस. त्या लढाईतल्या विषारी वायूने त्याची छाती कायमची गेली होती. दर नोव्हेंबरात गावच्या स्मारकापुढे झेंडा धरायचा मान त्याचा. धापा टाकत धरायचा, पण दुसऱ्याला देत नसे. त्या दिवसापासून त्याने फिर्मांचं नाव तोंडातून काढलं नाही. जेवताना नाही, चर्चमध्ये मेणबत्ती लावताना नाही. जणू मुलगा नव्हताच.

सोलांजला त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटे. कारण तिच्या मनात जे होतं ते तिला कुणापुढे बोलता येण्याजोगं नव्हतं. ती देवाजवळ मागत होती की पोर पळालेला असू दे. सशासारखा, बंदूक टाकून, बूट टाकून, कसाही. आणि मागून झालं की तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघवत नसे.

मग एका दुपारी रेडिओवर, नुकत्याच सरकारप्रमुख झालेल्या म्हाताऱ्या मार्शलचा थकलेला आवाज आला. लढाई थांबवायला हवी, असं तो म्हणाला. कॅफेत जमलेल्यांपैकी निम्मे रडले. पण रडून झाल्यावर प्रत्येकाचे खांदे सैल झालेले सोलांजने पाहिले. तिचेही झाले. संपलं होतं एकदाचं. नदीच्या वरच्या अंगाला एक शहर दोन दिवस जळत होतं, त्याचा धूर इथून दिसायचा. आता तसं काही व्हालीन्योचं होणार नव्हतं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी लेफ्टनंट केरवेला आला.

त्याच्याबरोबर चाळीसेक माणसं होती. सगळी वेगवेगळ्या पलटणींतून गोळा झालेली, दाढ्या वाढलेली. त्यांनी पुलाच्या मधल्या कमानीत सुरुंग ठासले, नदीकाठी खड्डे खणले आणि बेकरीच्या शेजारच्या भिंतीत मशीनगनसाठी भोक पाडायला घेतलं. भिंतीचा पहिला दगड पडला तसे मेयर गातिनो कमरेला तिरंगी पट्टा बांधून धावत आले. गातिनो पेशाने नोटरी. गोलमटोल, नीटनेटके, गावातल्या निम्म्या घरांची खरेदीखतं त्यांच्या हातची.

"लेफ्टनंट, हे काय चाललंय? मार्शलनी काल सांगितलं ते ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं," केरवेला म्हणाला. पंचविशीतला, ब्रिटनी प्रांतातला, डोळे झोप नसल्याने लाल. "पण मला हुकूम रेडिओवरून येत नाहीत, मेयरसाहेब. कर्नलकडून येतात. पलीकडे आमची आणखी माणसं आहेत. ती आली की पूल उडवायचा आणि मग जमेल तितका वेळ जर्मनांना पाण्यापलीकडे ठेवायचं."

"जमेल तितका म्हणजे? एक दुपार? एका दुपारसाठी माझं गाव जाळणार तुम्ही? आणि कुणासाठी? सगळी फौज पळून गेली, आता तुम्हाला शौर्य सुचतंय!"

जमलेल्या बायकांतून कुणीतरी ओरडलं, "जा ना तुम्हीपण! पळा! सवय आहे तुम्हाला!"

भिंत फोडणारा एक शिपाई थांबला. त्याने घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला, "पळतच आलो असतो ना बाई, तर गेल्या आठवड्यातच पोचलो असतो."

कुणी हसलं नाही. सोलांजने आपल्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. पुलाच्या तोंडाशी पहिलंच घर त्यांचं. तोफेचा पहिला गोळा इकडे आला तर कुठे पडेल, हे सांगायला लष्करी शिक्षण लागत नव्हतं.

आन्सेल्म पहाटेची भट्टी उरकून झोपला होता. गातिनो मागच्या दाराने आले, ते तो झोपलाय हे ठाऊक असल्यामुळेच. टोपी हातात, आवाज अगदी खाली.

"मादाम, तुम्ही त्या पोरांना पाव नेऊन देता ना?"

"लेफ्टनंटांनीच सांगितलंय. दुपारी न्यायचाय."

"सुरुंगाची तार पुलाच्या कठड्याखालून येते आणि तुमच्या धुण्याच्या घाटावरच्या छपरीमागून वर जाते. मी पाहून आलो. त्या बाजूला गावातला बाप्या फिरकला तर पहारेकरी हटकतो. तुम्हाला कोण हटकणार?"

सोलांजला समजलं. पण तिने न समजल्यासारखं केलं, कारण त्यामुळे थोडा वेळ मिळत होता.

"द्राक्षांची कातर पुरे," गातिनो म्हणाले. "एकच फटका. मग ते कळ दाबतील, काही होणार नाही. पूल राहिला की लढायला जागाच उरत नाही. ते निघून जातील, जर्मन येतील, जातील. एक कौल फुटणार नाही."

"आणि ते पोरगे?"

"सुटतील! मनातून त्यांनाही तेच हवंय, फक्त बोलता येत नाही. अहो, विशी-बाविशीची पोरं आहेत. तुमच्या फिर्मांएवढी. त्याच्यासाठी कुठल्या गावात कुणा बाईने असं केलं असेल, तर तुम्ही तिला दुवा द्याल की शिव्या?"

माणूस हुशार होता. नेमकं जिथे लागायचं तिथे बोट ठेवून तो निघून गेला. सोलांज बराच वेळ पिठाच्या फळीला टेकून उभी राहिली. आतून आन्सेल्मच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. गोळे पडू लागले तरी तो भट्टी सोडून तळघरात उतरणार नाही, तिला माहीत होतं. मग तिने खुंटीवरची कातर काढली, टोपलीच्या तळाशी ठेवली, वर फडकं आणि फडक्यावर मोठे गोल पाव.

पुलाशी पहारेकऱ्याने टोपलीतून एक पाव उचलून वास घेतला, डोळे मिटले आणि तिला सोडलं. ती घाटाच्या पायऱ्या उतरू लागली. गावातल्या बायका जिथे गुडघे टेकून कपडे धुतात त्या दगडी फरशीपर्यंत ती पोचली आणि जागच्या जागी थिजली.

छपरीत माणूस होता. एक कॉर्पोरल हौदाच्या काठावर दोन्ही पाय पाण्यात सोडून बसला होता. पायांची सालं निघाली होती, पाणी गुलाबी झालं होतं. त्याचा कोट मागच्या खांबावर टांगलेला. खांबाच्या मागून काळी तार वर गेली होती. आणि कोटाच्या कॉलरवर तो आकडा होता.

"माफ करा हं," तो घाईने पाय बाहेर काढत म्हणाला. "तुमचं धुण्याचं पाणी नासवलं मी."

"राहू द्या. राहू द्या पाय," सोलांज म्हणाली. तिने पाव काढून त्याला दिला. त्याने तो छातीशी धरून तोडला आणि खाऊ लागला. उत्तरेकडचा खाणकामगार, देल्कूर नावाचा. हनुवटीवर निळा कोळशाचा डाग, जन्मभर न जाणारा. ती त्याला खाताना बघत राहिली. विचारावं की नाही? न विचारता परत गेली तर फिर्मां जसा आहे तसा राहील, कुठेतरी, अर्धा जिवंत. विचारलं तर या माणसाच्या पुढच्या वाक्यात तो मरूही शकत होता.

"तुमच्या पलटणीत," ती शेवटी म्हणाली, "फिर्मां ओब्रे म्हणून कुणी..."

देल्कूर चावायचा थांबला. पावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पीठ्या? तुम्ही पीठ्याची आई?"

"काय?"

"अहो, पीठ्या म्हणायचो आम्ही त्याला! प्रत्येक गावात गेला की पहिलं बेकरीत नाक खुपसायचा आणि म्हणायचा, यांचं पीठ नीट फुगलेलं नाही. कर्नलच्या पावालासुद्धा नावं ठेवायचा."

सोलांज ओल्या फरशीवर मटकन बसली. "आहे का?"

"गेल्या आठवड्यापर्यंत तरी होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पुढचं मला ठाऊक नाही, आई. खोटं नाही सांगत."

नदी वाहत होती. वर पुलावर गाड्यांची खडखड चालली होती. तिला एवढंच पुरायला हवं होतं. पण नवऱ्याचं ते गप्प तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती बोलून गेली, "लोक म्हणतात, म्यूझवरून तुम्ही सगळे..."

"पळालो." त्याने पाव खाली ठेवला. "हो. खरंय ते."

त्याला ते सांगायचं होतं, असं तिला दिसलं. कुणी विचारायचीच वाट बघत असावा.

"दिवसभर विमानं डोक्यावर होती. कानात, दातांत माती. पण आम्ही होतो जागेवर. मागच्या टेकडीवर साहेबांचं ठाणं होतं आणि खंदकात टेलिफोन. अधूनमधून तो वाजायचा. थांबा, तोफा येताहेत, आम्ही आहोत मागे. आवाज चांगला नव्हता त्या माणसाचा, नाकात बोलायचा, पण त्या आवाजावर आम्ही दिवस काढला. संध्याकाळी टेलिफोन मुका झाला. नंतर कळलं, साहेबांनी ठाणं मागे हलवलं आणि जाताना आपलीच माणसं तार गुंडाळून घेऊन गेली. जर्मनांनी नाही कापली, आई. आपल्यांनी. आम्ही फोनचं हँडल फिरवतोय, फिरवतोय, पलीकडे कुणीच नाही. मग कुणीतरी ओरडलं, रणगाडे आले! एकही नव्हता. पण मागे कुणी नाही हे एकदा डोक्यात शिरल्यावर रणगाडा लागतो कशाला? पहाटेपर्यंत धावत होतो. पीठ्या माझ्या पुढे होता. लांब टांगा ना त्याच्या."

"मग?"

"मग पोलिसांनी पकडून गोळा केलं, शिव्या घातल्या, चार पलटणींची ठिगळं एकत्र केली आणि एका कालव्यावर नेऊन बसवलं. तिथे कुणी हललं नाही. तीच माणसं, बरं का. मी, पीठ्या, सगळे. पीठ्याच्या डाव्या हाताला छर्रा लागला तर तो पट्टी बांधून मशीनगनला गोळ्या भरवत बसला. तिथे एक म्हातारा कप्तान दर तासाला पोटावर सरपटत यायचा आणि सांगायचा, मी इथेच आहे. बस, एवढंच. शेवटी मागे यायचा हुकूम आला. पीठ्याची तुकडी सगळ्यांत शेवटी निघणार होती. तेव्हाचं शेवटचं बघणं."

वरून कुणीतरी हाक मारली. "देल्कूर! वर ये, मागची माणसं यायला लागलीत!"

त्याने दात खाऊन बुटांत पाय कोंबले, कोट घातला. जाता जाता वळला.

"आई, एक करता का? मी पहारेकरी पाठवेपर्यंत इथे थांबता? ही तार बघत राहा जरा. गावातल्या लोकांचा आम्हाला भरवसा नाही. रागावू नका."

आणि तो तिला तारेजवळ एकटी सोडून लंगडत वर गेला.

सोलांजने टोपलीतून कातर काढली. ती काढताना आपण कापणार की नाही हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. तार बोटाएवढी जाड, खांबाला खिळ्याने अडकवलेली. हात पुढे केला की संपलं. दुकान वाचेल. आन्सेल्म वाचेल. त्या शिपायाला परत एकदा मागे निघावं लागेल, पण जिवंत. मेयर खोटं बोलले नव्हते.

पण मग वर खड्ड्यात बसलेला देल्कूर तिला दिसू लागला. लेफ्टनंट कळ दाबतोय, परत दाबतोय, काही होत नाहीये, पुलावरून जर्मन चालत येताहेत. आणि ती चाळीस माणसं एकमेकांकडे बघताहेत, मागे कुणी आहे का म्हणून.

कातर तिच्या हातात घामाने निसटायला लागली. पुलावरून जड बुटांचा आवाज येऊ लागला, ओळीने, थकलेला. मागची माणसं येत होती. ती त्या आवाजाखाली उभी राहिली आणि नवा पहारेकरी पायऱ्या उतरताना दिसला तशी तिने कातर पुन्हा फडक्याखाली सरकवली. उरलेला पाव त्याच्या हातात दिला आणि ती वर आली. मागची माणसं न थांबता दक्षिणेकडे निघून चालली होती; एकाच्याही कॉलरवर तो आकडा नव्हता.

गातिनो दुकानातच होते. "झालं?"

"नाही."

"नाही म्हणजे? पहारा होता?"

तिला हो म्हणता आलं असतं. "नव्हता," ती म्हणाली. "मी कापली नाही."

"मादाम ओब्रे, आज गावात जो कुणी मरेल तो तुमच्या माथी!" एवढं बोलून ते गेले. सोलांज आत गेली. आन्सेल्म खाटेवर उठून बसला होता. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं असावं, पण विचारलं नाही.

ती त्याच्या पायाशी बसली. "फिर्मांच्या पलटणीतला माणूस भेटला."

आन्सेल्मने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ऐकून घे. पळाला तो. सगळ्यांबरोबर, रात्रभर पळाला. आणि मग एका कालव्यावर थांबला. हाताला लागलं तरी मशीनगनपासून उठला नाही. दोन्ही त्यानेच केलंय. मला दोन्ही सांगितलं, मी तुला दोन्ही सांगतेय."

आन्सेल्मने तोंड परत तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "कुठला हात?"

"डावा."

"मळायचा हात उजवा," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "बोट एकदा भट्टीत भाजलं होतं त्याचं, डाव्याच हाताचं, आठवतं? रडला नव्हता." मग त्याने हाताने तोंड झाकलं. महिन्याभरात मुलाबद्दल बोललेला तो पहिला शब्द.

तेवढ्यात पूल उडाला. दुकानाच्या काचा एकदम आत आल्या, फळीवरचं सगळं पीठ हवेत उडालं, आणि दोघं नवरा-बायको पांढरी होऊन जमिनीवर पडली. मधली कमान ल्वारच्या पाण्यात गेली होती.

दुपारभर लढाई चालली. पलीकडच्या काठावरून तोफा, इकडून त्या चाळीस जणांच्या बंदुका. जर्मन रबरी होड्या पाण्यात लोटायचे आणि भिंतीच्या भोकातून मशीनगन त्यांना परत लोटायची. सोलांजला प्रत्येक गोळ्याबरोबर गातिनोंचं वाक्य ऐकू येई. आन्सेल्म तळघरात उतरला नाही ते नाहीच. त्याने बेकरीचं मागचं दार काढून त्याचं स्ट्रेचर केलं. भट्टीच्या जाड भिंतींमागे जखमी येऊन पडू लागले. तिने पिठाच्या पोत्यांवर चादरी पसरल्या, वाइनने जखमा धुतल्या. दोन पोरं तिच्या हातात गेली. तिसरा आणला तो देल्कूर होता. त्याचा जीव रस्त्यातच गेलेला. तिने त्याचे बूट काढून ठेवले. त्या पायांना ते फार टोचत असणार, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

संध्याकाळच्या आधी केरवेला दारात आला. त्याचा आवाज बसला होता.

"आम्ही निघतोय. हुकूम आलाय. तुमच्याकडे जे आहेत त्यांना..."

"आम्ही बघू," आन्सेल्म म्हणाला. मग तो व्हर्दांचा म्हातारा शिपाई त्या पोरासमोर ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम केला. केरवेलाला काय करावं ते कळेना. त्याने सलाम परत केला आणि तो द्राक्षमळ्यांतून दक्षिणेकडे गेला.

गावात सहा घरं जळली होती, त्यात गातिनोंचं एक. आणि नदीकाठची म्हातारी ऑर्तांस मेली होती. कोंबड्यांना टाकून तळघरात यायला ती तयार नव्हती. तिला कोंबड्यांच्या खुराड्याजवळून उचलून आणलं तेव्हा सोलांज चर्चच्या दारात उभी होती. गातिनो समोर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. सोलांजने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी जर्मन होड्यांतून आले. त्यांच्या अधिकाऱ्याने बेकरीतल्या जखमींची दोनदा मोजणी केली. "बाकीचे कुठे?" त्याने चांगल्या फ्रेंचमध्ये विचारलं. "एवढेच?" मग गातिनोंकडे वळून म्हणाला, "सेन नदीपासून इथपर्यंत आम्ही सायकलवर आलो, मेयर. आम्हाला वाटलं होतं, फ्रेंच लढायचं विसरले. तुमच्या गावात विसरले नव्हते." आणि सोलांजने पाहिलं की राखेने माखलेल्या मेयर गातिनोंची छाती नकळत थोडी पुढे आली.

पुढची वर्षं तिने धाकधुकीतच काढली. ऑर्तांसची मुलगी रोज पाव न्यायला यायची. रोज सोलांजला वाटे, आज हिला कुणी सांगितलेलं असेल. पण गातिनो बोलले नाहीत. बोलणार तरी कसे? तिचं नाव घ्यायचं तर कातर कुणी धरायला सांगितली हेही सांगावं लागलं असतं. दोघंही एकमेकांच्या मुठीत होती आणि दोघंही एकमेकांना चर्चमध्ये वाकून नमस्कार करत होती. ऑर्तांसचा हिशोब मात्र सोलांजच्या मनात कधी मिटला नाही. तिने तार कापली असती तर म्हातारी जगली असती, हे कुठल्याही बाजूने फिरवलं तरी खरंच होतं.

शरद ऋतूत कळलं की फिर्मां जिवंत आहे, जर्मनीत कैदेत. तो परत आला तो पाच वर्षांनी, पंचेचाळीसच्या मे महिन्यात. तिशीही न गाठलेला, पण दात गेलेले, खाली बघून बोलणारा. भट्टीवर तो पहिल्याच पहाटे उभा राहिला. कॅफेत मात्र गेला नाही. एकदाच गेला होता. तिथे युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, जर्मन मागे हटत असताना, दंडाला भूमिगतांची पट्टी बांधून बंदूक उचललेली दोन पोरं बसली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "या, या! चाळीसच्या शर्यतीतले धावपटू आले!" फिर्मांने ग्लास तसाच ठेवला आणि तो घरी आला.

त्या जूनमध्ये पुलाच्या लढाईचा दिवस गावाने पहिल्यांदा साजरा केला. पडलेल्या शिपायांच्या थडग्यांवर फुलं, शाळेतल्या मुलांचं गाणं, तिरंगी पट्टा बांधलेले गातिनो. आन्सेल्म झेंडा घेऊन उभा होता. गातिनोंचं भाषण चांगलं झालं.

"व्हालीन्यो," ते म्हणाले, "हे गाव त्या काळ्या जूनमध्ये पळालं नाही! सगळा फ्रान्स वाकला तेव्हा आपण सगळे, म्हातारे, बाया, एकजुटीने त्या वीरांमागे उभे राहिलो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, त्यांना ते आता तसंच आठवत होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या सोलांजचे हात मांडीवर होते. ऑर्तांसची मुलगी तिच्या शेजारीच रडत होती. फिर्मां सगळ्यांच्या मागे, दफनभूमीच्या फाटकाशी उभा होता. कैदेतून आलेल्यांना पुढे बोलावलं नव्हतं. कुणी विरोध केला असंही नाही, कुणाला सुचलंच नव्हतं.

"आणि आता," गातिनो म्हणाले, "ज्यांनी जखमींची शुश्रूषा केली त्या मादाम ओब्रे पुष्पचक्र वाहतील."

सोलांज उठली. गातिनोंनी चक्र तिच्या हातात देताना तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिला दिसलं की माणूस घाबरलेला आहे. पाच वर्षं ती समजत होती की भीती तिच्याच वाट्याला आली आहे. हाही रोज पहाटे दचकून उठत असणार.

ती थडग्यांकडे गेली नाही. चक्र घेऊन ती लोकांमधून उलट दिशेने चालत फाटकापर्यंत गेली.

"आई, काय हे," फिर्मां कुजबुजला.

"देल्कूरचं थडगं कुठलं ते तुला माहीत आहे, आल्याबरोबर तू तिथे गेला होतास. मला नीट सापडत नाही. चल."

"लोक बघताहेत."

"बघू देत. चल म्हणते ना."

मागे कुणीतरी पुटपुटलं, "हा तर पळालेल्यांतला." ते तिने ऐकलं. तिने मुलाचा डावा हात, जखमेचा, घट्ट धरला आणि त्याला सगळ्या गावामधून पुढे नेलं. देल्कूरच्या थडग्याशी फिर्मां गुडघ्यावर बसला. चक्र ठेवून झालं तरी उठेना. त्याचे खांदे हलत होते.

गातिनो तिच्या बाजूला सरकले. "मादाम, असं ठरलं नव्हतं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"खरंय, मेयरसाहेब," सोलांज तितक्याच हळू म्हणाली. "ठरलेलं माझ्याकडून होत नाही, तुम्हाला माहीत आहे."

गातिनो आपल्या जागी परत गेले. मुलांनी गाणं सुरू केलं. तेवढ्यात आन्सेल्मला खोकल्याची उबळ आली. झेंड्याची काठी डुलू लागली. दोन-तीन माणसं पुढे झाली, मेयर स्वतः हात पुढे करून आले. पण आन्सेल्मने मान हलवली. तो खोकतच थडग्याशी गेला आणि त्याने बसलेल्या मुलाच्या खांद्यावर काठी टेकवली.

"धर जरा," तो म्हणाला.

फिर्मां उठला. त्याने डोळे पुसले नाहीत. झेंडा दोन्ही हातांनी धरून तो वडिलांशेजारी उभा राहिला. सोलांज आपल्या जागेवर परत येऊन बसली. ऑर्तांसच्या मुलीने हातरुमाल तिच्यापुढे केला आणि तो घ्यावा की नाही हे सोलांजला क्षणभर कळलंच नाही.